हजाराच्या आतली रेड वाइन: सुलाची शिराझ कॅबर्ने, मुंबईच्या उकाड्यात

हजार रुपयांच्या आत धड रेड वाइन मिळतच नाही असं छातीठोक सांगणारे मला प्रत्येक पार्टीत भेटतात, आणि विचारलं की कळतं, यांनी ती प्यायलीय मे महिन्यात, बाटली दुपारपासून टेबलावर, वर पंखा आणि हातात प्लास्टिकचा ग्लास. तशी प्यायली तर दहा हजारांची बाटलीही वाईटच लागणार ना. मी दादरला राहते, घरात दोघंही शनिवारी रात्री जेवताना थोडी वाइन घेणारे, आणि आमच्याकडे जी सगळ्यात जास्त येते तिच्याबद्दल लिहितेय: सुलाची शिराझ कॅबर्ने. या किमतीत मुंबईत जवळपास कुठल्याही वाइन शॉपमध्ये मिळणाऱ्या रेडमध्ये मी डोळे झाकून हीच उचलते.

कंपनी नाशिकची, 1999 सालची, द्राक्षं शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉ या दोन जातींची. आपल्याकडे वाइनची द्राक्षं थंडी संपता संपता, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात कारण पावसाळ्यात फळ टिकणार नाही, युरोपात हेच काम सप्टेंबर-ऑक्टोबरला चालतं. बाहेरून येणाऱ्या वाइनवर वर्षानुवर्षं 150 टक्के कस्टम ड्युटी लागत आलीय, त्यामुळे इथे जी इम्पोर्टेड बाटली दीड-दोन हजाराला दिसते ती तिच्या गावी अगदी साधी रोजची वाइन असते. हजारात चांगलं काही हवं असेल तर नाशिक, सोलापूरकडेच बघावं असं माझं स्पष्ट मत आहे.

झाकण फिरवून उघडायचं आहे, बूच नाही. लोक त्यावरूनच हलकी म्हणतात, ते चुकीचं आहे, बुचामुळे कधीकधी वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो ती भानगडच इथे राहत नाही, आणि घरात ओपनर शोधत बसावं लागत नाही.

आता चव. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून बघा, रंग गडद आणि कडेला जांभळट छटा, म्हणजे वाइन तरुण आहे. कड विटकरी, तपकिरी दिसली तर या किमतीच्या बाटलीत ती चांगली खूण नाही. वास पहिल्यांदा नुसता अल्कोहोलचा येतो, घाई करू नका, ग्लास हलवा, दोन मिनिटं ठेवा, मग पिकलेलं जांभूळ आणि काळा प्लम येतो आणि मागून काळी मिरी. ही मिरी मनाचे खेळ नाहीत बरं का, शिराझमध्ये रोटंडोन नावाचं द्रव्य असतं आणि तेच काळ्या मिरीतही असतं, नाव न सांगता कुणालाही वास घ्यायला द्या, मसाल्याच्या डब्यातलं काहीतरी आहे एवढं तरी म्हणतातच. घोट घेतल्यावर आधी फळ, मग थोडा आंबटपणा, आणि शेवटी हिरड्यांवर तुरटपणा, फार उकळलेल्या कोऱ्या चहासारखा पण त्याहून बराच मऊ. तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांमधून येतो आणि रेडमध्ये तो हवाच. ज्यांनी रेड म्हणून आजवर फक्त गोव्याची गोड पोर्ट प्यायलीय त्यांना पहिला घोट कोरडा, आंबट वाटेल, त्यांनी रिकाम्या पोटी चव घेऊच नये, ताटासोबत घ्यावी.

टेंपरेचरबद्दल मी आग्रही आहे. रेड रूम टेंपरेचरला प्यायची हे जिथून आलं तिथली खोली 16-18 डिग्रीची, आपली ऑक्टोबरातसुद्धा 30 च्या वर. आम्ही एकाच बाटलीतून दोन ग्लास भरले, एक ओट्यावर तसाच ठेवला आणि दुसरा अर्धा तास फ्रीजमध्ये, मग नवऱ्याला न सांगता दोन्ही दिले. ओट्यावरचा हुंगूनच तो म्हणाला ही दुसरी कुठली आणलीस, हिचा नुसता दारूचा वास येतोय. थंड ग्लासात जांभूळ आणि मिरी स्वच्छ कळत होती. पण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून एकदम गार पण पिऊ नका, मग वास मिटतो आणि तुरटपणा अंगावर येतो. अर्धा-पाऊण तास पुरे.

आणि बाटली कुठून घेता ते बघा. आमच्या एरियातल्या एका दुकानात वाइन सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला चिकटून, आणि संध्याकाळचं ऊन थेट तिथे. तिथून आणलेल्या बाटलीच्या झाकणाखाली चिकट ओघळ सुकलेला होता आणि आत ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मनुकांचा वास, उष्णतेने वाइनची अशीच वाट लागते. दुकानदाराला म्हटलं तर तो म्हणे, मॅडम, वाइन जुनी तेवढी चांगली! अहो, ही साठवायची वाइन नाहीच, ताजी प्यायची आहे. त्यामुळे लेबलवर वर्ष असेल तर सगळ्यात नवीन मागा, बाटली भरल्याची तारीख वाचा, आणि जिथे एसी आहे, माल पटापट खपतो अशाच दुकानातून घ्या, दहा मिनिटं जास्त चालावं लागलं तरी चालेल.

जेवणात सुक्कं मटण सगळ्यात भारी, खोबऱ्याच्या वाटणातली मिरी-लवंग आणि वाइनमधली मिरी एकमेकांना धरून राहतात, मटणाच्या चरबीने तुरटपणा विरघळतो. मात्र तिखट बेताचं ठेवा, झणझणीत रश्श्यावर अल्कोहोल अजून जाळतं. काळ्या वाटाण्याची उसळ, भरली वांगी पण मस्त जातात. बांगडा नको, तेलकट माशासोबत रेडची चव तोंडात लोखंडासारखी होते, त्या दिवशी व्हाइट आणा.

उरली तर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा, दोन-तीन दिवस छान राहते. त्यानंतर आंबूस व्हायला लागते, मग मी ती प्यायला काढत नाही, मटण मुरवताना घालते.