हेवीवेटमध्ये नुसता आकार पुरतो का? उंची, पल्ला आणि वजन यांचा वेगवेगळा हिशेब

बॉक्सिंगमधल्या बाकी सगळ्या गटांना वजनाची वरची मर्यादा असते, हेवीवेटला ती नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ९०.७ किलोच्या (२०० पौंड) पुढे कितीही चालतं. त्यामुळे ९५ किलोचा गडी आणि १४० किलोचा गडी नियमाने समोरासमोर उभे राहू शकतात. क्रूझरवेटमधून (हेवीवेटच्या लगेच खालचा गट) वर यावं का, आलो तर किती वजन चढवावं, दोन मीटर उंचीच्या नवख्या पोरावर तीन-चार वर्षं घालवावीत का, हे ठरवताना ‘मोठा तो भारी’ एवढ्यावर भागत नाही. उंची, पल्ला आणि वजन यांचा रिंगमधला उपयोग वेगवेगळा आहे, आणि तो वसूल करायचं कसबही वेगवेगळं.

आधी काही लढतींचे आकडे. वजनं किलोत, जवळपासच्या अर्ध्या किलोपर्यंत. जुन्या लढतींच्या काळी हेवीवेटची खालची मर्यादा आजच्यापेक्षा कमी होती, म्हणून डेम्प्सी आणि लोफ्रन ९०.७ च्या आत दिसतात.

| लढत | जड | हलका | कोण जिंकलं |
|---|---|---|---|
| विलार्ड–डेम्प्सी, १९१९ | विलार्ड १११ | डेम्प्सी ८५ | हलका, तिसऱ्या राउंडनंतर विलार्डची माघार |
| कार्नेरा–लोफ्रन, १९३४ | कार्नेरा १२२.५ | लोफ्रन ८३.५ | जड, गुणांवर |
| कार्नेरा–बेअर, १९३४ | कार्नेरा ११९.५ | बेअर ९५ | हलका, ११ व्या राउंडमध्ये |
| वालुएव–हे, २००९ | वालुएव १४३.५ | हे ९८.५ | हलका, गुणांवर |
| क्लिच्को–हे, २०११ | क्लिच्को ११० | हे ९६.५ | जड, गुणांवर |
| फ्युरी–वाइल्डर, २०२० | फ्युरी १२४ | वाइल्डर १०५ | जड, सातव्या राउंडमध्ये |
| फ्युरी–उसिक, डिसेंबर २०२४ | फ्युरी १२७.५ | उसिक १०२.५ | हलका, गुणांवर |

यातल्या डेव्हिड हेच्या दोन ओळी शेजारी ठेवून वाचा. निकोलाय वालुएव २१३ सेंमी उंच, हेपेक्षा जवळजवळ ४५ किलोंनी जड. हे रात्रभर गोल फिरत राहिला, मोजकेच ठोसे मारले आणि जगज्जेतेपदाचा पट्टा घेऊन गेला. लढत रटाळ होती, पण डाव बरोबर होता. वालुएवचे पाय त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. दोन वर्षांनी तोच हे व्लादिमिर क्लिच्कोसमोर आला. क्लिच्को १९८ सेंमीचा, म्हणजे वालुएवपेक्षा १५ सेंमी बुटका आणि तीसेक किलोंनी हलका. इथे मात्र हेला आत शिरायला वाट मिळाली नाही, आणि तो पंचांच्या एकमताने हरला. प्रतिस्पर्धी आकाराने लहान झाला आणि काम अवघड झालं. फरक जॅबचा (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि पायांचा होता.

उंची आणि पल्ला

पल्ल्याच्या आकड्याने बरेच जण फसतात. दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत तो मोजतात, म्हणजे खांद्यांची रुंदीही त्यात येते. टायसन फ्युरीचा पल्ला २१६ सेंमी, ओलेक्सांडर उसिकचा १९८. फरक १८ सेंमी दिसतो, पण एका हाताच्या वाट्याला येतात फार तर ९. पुढचा पाय अर्धं पाऊल सरकवला की तेवढं अंतर भरून निघतं. ते अर्धं पाऊल टाकू न देणं, हे उंच बॉक्सरचं खरं काम.

त्यासाठी जॅब सतत हवा, सरळ हवा, आणि परत येताना खांद्याच्या उंचीवरूनच हनुवटीशी यायला हवा. उंच बॉक्सरची सगळ्यात महागडी खोड म्हणजे जॅब कमरेकडे पाडून मागे घेणं, कारण त्या क्षणी हनुवटी उघडी पडते. दुसरी खोड पाय न हलवता कमरेतून मागे झुकण्याची. पहिला ठोसा चुकतो, दुसरा लागतो. तिसरी म्हणजे बुटक्याच्या उंचीवर वाकून खेळणं, उंचीचं दान स्वतःच्या हाताने परत करणं.

बुटक्याची वाट ठरलेली आहे: जॅब परत जात असताना आत शिरायचं, आधी पोटावर मारायचं, मग डोक्याकडे, आणि बाहेर पडायचं ते बाजूने. सरळ मागे हटला तर उंच माणसाच्या उजव्या हातासमोर येतो. १९१ सेंमीचा उसिक हे डावखुऱ्या पवित्र्यातून करतो; पुढचा पाय समोरच्याच्या पुढच्या पायाबाहेर टाकत राहतो, त्यामुळे मोठ्या माणसाला दर वेळी वळावं लागतं. वळणं हे जड शरीराला सगळ्यात महाग पडतं. मे २०२४ च्या पहिल्या लढतीत फ्युरी मधल्या राउंडमध्ये वरचढ होता. नवव्या राउंडमध्ये उसिकने त्याला दोरांवर धडपडायला लावलं आणि रेफरीने तो पडल्यातच धरून मोजणी केली.

वजन

ठोशाची ताकद जमिनीवरून येते: पाय, नितंब, धड, खांदा, आणि आघाताच्या क्षणी घट्ट झालेलं मनगट. या साखळीत काम करणारं वजन ठोशात उतरतं. पोटावर साठलेलं वजन उतरत नाही, फक्त बारा राउंड वाहून न्यावं लागतं. हनुवटीही वजनाने टणक होत नाही; न दिसलेल्या ठोशाने डोकं गर्रकन फिरलं की १२० किलोचा माणूसही तसाच बसतो. मॅक्स बेअरने कार्नेराला अकरा वेळा पाडलं होतं.

मग वजन कुठे फळतं? क्लिंचमध्ये, म्हणजे समोरच्याला मिठीत अडकवतात तेव्हा. छाती समोरच्याच्या खांद्यावर टेकवायची, बाहू मानेवर ठेवून खाली दाबायचं, त्याचे हात काखेत बांधायचे. दर राउंडला चार-पाचदा असं झालं की आठव्या राउंडपर्यंत हलक्याचे पाय जड होतात. फ्युरीने वाइल्डरला दुसऱ्या लढतीत, म्हणजे वरच्या २०२० च्या, असंच चेपलं. क्लिच्कोने २०१३ मध्ये पोवेत्किनला चार वेळा पाडलं खरं, पण तो इतका अंगावर रेलत होता की अकराव्या राउंडमध्ये त्याचा एक गुण कापला गेला. कडक रेफरी असेल तर हा सगळा फायदा निम्म्यावर येतो, म्हणून कोण रेफरी आहे हे आधी पाहावं.

वजन चढवण्याची उलटी बाजू बघायची तर अँडी रुईझकडे बघा. जून २०१९ मध्ये त्याने सुमारे १२१.५ किलोंवर अँथनी जोशुआला सातव्या राउंडमध्ये थांबवलं, ते वेगवान हातांच्या जोरावर. सहा महिन्यांनी तो १२८.५ किलोंवर आला. जोशुआ मात्र ११२ वरून १०७.५ वर उतरला होता आणि बारा राउंड जॅब मारून निघून जात राहिला. रुईझला त्याच्यापर्यंत पोचताच आलं नाही.

मग ठरवायचं कसं

क्रूझरवेटमधून येणाऱ्याने उसिकची चढण बघावी. २०१८ मध्ये ९०.७ च्या आत, ऑक्टोबर २०१९ मध्ये ९७.५, डिसेंबर २०२४ मध्ये १०२.५. सहा वर्षांत बारा किलो. महिन्याला एक किलोपेक्षा जास्त वेगाने चढलेलं वजन बहुतेक वेळा चुकीच्या जागी बसतं. दर तीन किलोंनंतर पहिल्या आणि आठव्या राउंडमधले बॅगवरचे ठोसे मोजा. आठव्यातला आकडा आधीपेक्षा ठळक घसरला, तर तिथेच थांबा आणि दोन महिने त्याच वजनावर काम करा. मानेचा व्यायाम आणि क्लिंचचा सराव मात्र पहिल्या दिवसापासून, कारण मोठी माणसं अंगावर रेलणार हे नक्की. रिंगच्या मापावर बोलायला वाव असेल तर मोठी मागा. हलत्या पायांना जागा लागते.

माझ्या मते १९५ ते २०० सेंमी आणि १०५ ते ११५ किलो या पट्ट्यात आकाराचा बहुतेक फायदा मिळून जातो. लेनॉक्स लुईस आणि क्लिच्को बंधू साधारण तिथलेच. आणि व्लादिमिरलाही आकार सुरुवातीपासून होताच; तरी २००३ मध्ये सँडर्सने त्याला दुसऱ्या राउंडमध्ये आणि २००४ मध्ये ब्रूस्टरने पाचव्यात संपवलं. प्रशिक्षक एमॅन्युएल स्टुअर्डच्या हाताखाली जॅब, अंतर आणि क्लिंच पक्के झाल्यावर तोच माणूस एप्रिल २००६ ते नोव्हेंबर २०१५ विजेता राहिला. त्याला हटवलं ते २०६ सेंमीच्या फ्युरीने, पण फ्युरीने त्या रात्री ताकद फार लावलीच नाही, फसवत आणि हलत राहिला.

दोन मीटरच्या नवख्या पोराची परीक्षा बॅगवर घेऊ नका, तिथे सगळेच मोठे छान दिसतात. दोरीवरच्या उड्यांचे तीन मिनिटांचे सहा राउंड घ्या. मग १८५ सेंमीचा चपळ जोडीदार देऊन फक्त जॅबचं स्पारिंग लावा आणि त्याचे पाय बघा. दाब आला की पाय समांतर होऊन एका रेषेत येतात का? डावीकडे-उजवीकडे वळताना ते एकमेकांत अडकतात का? सहा महिन्यांच्या शिकवणीनंतरही अडकत असतील, तर त्याच्यापेक्षा त्या १८५ च्या जोडीदारावर वर्षं घालवा.