मोठ्या अक्षरांची सप्तशती, मराठी अर्थासह: चैत्र ते पौष वापरल्यानंतर

चैत्रात माहूरला गेलो तेव्हा गडाखालच्या दुकानातून ही पोथी घेतली, म्हणजे देवीने असुरांशी केलेल्या लढायांची दुर्गा सप्तशती. ४२० रुपये, आणि पोथी ठेवायचं घडीचं लाकडी व्यासपीठ १५० रुपयांना वेगळं. आता पौष लागला. मधल्या काळात तिची सहा पारायणं झाली, त्यातलं एक ऐन नवरात्रात, सोयाबीनची मळणी सुरू असताना. म्हणजे पोथी देव्हाऱ्यात नुसती ठेवून लिहीत नाहीये.

आमचं गाव मेहकर तालुक्यात. घरात सासऱ्यांची जुनी पोथी होती, नुसतं संस्कृत आणि टाइप इतका बारीक की कंदिलाच्या उजेडात त्यांनी ती कशी वाचली असेल याचं नवल वाटतं. तीस वर्षं मी तिचा आवाज ऐकला. कुठे सूर चढतो, कुठे घंटा वाजवायची, सगळं पाठ होतं. पण लढाई कोणाची, कशापायी, हे मला कधी कळलं नव्हतं.

या पोथीत एका पानावर संस्कृत आणि समोरच्या पानावर अर्थ आहे. श्लोक संपला की नजर बाजूला न्यायची, बस. अक्षर हरभऱ्याच्या दाण्याएवढं, जोडाक्षरं सुटी दिसतात. कागद चकचकीत नाही, त्यामुळे लाइट गेली तरी बॅटरीच्या उजेडात डोळ्यांवर चमक येत नाही. आमच्याकडे लाइट जाते आणि पारायणातच जाते, म्हणून हे आवर्जून सांगते.

दुसऱ्या अध्यायाचा अर्थ मी पहिल्यांदा ओसरीवर मोठ्याने वाचला, ती संध्याकाळ लक्षात आहे. देव आणि असुर शंभर वर्षं लढले आणि त्यात महिषासुर जिंकला. हे मला माहीतच नव्हतं! मूर्तीत तो कायम पायाखाली बघितलेला. पोथी म्हणते, तो स्वतः इंद्र झाला. सूर्य, अग्नी, वायू, चंद्र, यम, वरुण, सगळ्यांचे अधिकार त्याने एकट्याने ताब्यात घेतले आणि देव साध्या माणसांसारखे पृथ्वीवर वणवण फिरू लागले. सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वारं त्याचं, पानी त्याचं, ऊनबी त्याचंच. मंग लोकायनं पेरावं कवा व माय?"

मृग कोरडा गेला की काय होतं हे ज्याने बघितलंय, त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

मग तेजाचा भाग येतो. देवांनी देवीला शस्त्रं दिली एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या आधी त्यांनी स्वतःतलं तेज दिलं, आणि त्यातूनच ती उभी राहिली. शंकराच्या तेजाचं मुख, यमाच्या तेजाचे केस, विष्णूच्या तेजाचे हात, ब्रह्माच्या तेजाचे पाय, अग्नीच्या तेजाचे तीन डोळे. दोन्ही संध्यांच्या तेजाच्या भुवया! त्या ओळीवर मी थांबले. निंदणाहून परत येताना कपाशीच्या पऱ्हाटीच्या वर जी लाल रेघ उरते, ती आता मला तशीच दिसते. हरलेल्यांपैकी एकट्याच्या बळावर हे युद्ध पुढे गेलंच नसतं. प्रत्येकाला आपलं काहीतरी काढून द्यावं लागलं. जुन्या पोथीच्या नादात मला हे कधी सापडलं नव्हतं, आणि फक्त एवढ्यासाठी ४२० रुपये दिले असते तरी मला चाललं असतं.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. तिसऱ्या अध्यायात महिष रूपं बदलतो. रेडा, मग सिंह, मग तलवार घेतलेला पुरुष, मग हत्ती, पुन्हा रेडा. त्या शेवटच्या झुंजीआधी देवी पेय पिते, डोळे लाल होतात, ती हसते आणि म्हणते, मी हे पिऊन होईपर्यंत गर्जून घे. अर्थ लिहिणाऱ्याने इथे सरळ 'मध' लिहिलाय. पण याच पोथीत दुसऱ्या अध्यायात कुबेराने सुरेने भरलेलं पात्र दिल्याचं लिहिलं आहे. तिथे सुरा, इथे मध, असं कसं? देवीला काय शोभतं हे आपण ठरवू नये. मूळ शब्द 'मधु', त्याचा अर्थ मद्यही होतो; तो समोरच्या पानावर असताना अर्थात हे झाकायचं, ही माझ्या मते वाचणाऱ्याची फसवणूक आहे. पाचव्या अध्यायातही, सगळ्या भूतांत देवी बुद्धी, निद्रा, क्षुधा, छाया अशा रूपांनी राहते तिथे, तीन-चार ओळींचा अर्थ देऊन पुढे 'इत्यादी' टाकलंय. भूक हे देवीचं रूप आहे, ही ओळ 'इत्यादी'त जावी?

बांधणी कच्ची. नवरात्रात तिसऱ्या अध्यायाची पानं सुटून आली. गोधडीच्या सुईने जाड दोरा घालून शिवली, कण्याला खळ लावली, तेव्हापासून टिकली आहे. पावसाळ्यात पुठ्ठा थोडा वाकला. व्यासपीठ मात्र घ्याच. पोथी हातात धरून वाचू नये असा नियम आहे, आणि एवढी जड पोथी तासभर हातात धरवतही नाही. आमचं व्यासपीठ सारवलेल्या जमिनीवर जरा डगमगतं, खाली पोतं घातलं की बसतं.

गावात मला दोघी-तिघींनी घाबरवलं की सप्तशती चुकली तर उलटते. मी संस्कृत सकाळी, सावकाश वाचते. संध्याकाळी फक्त अर्थ. वेळ नसेल तर मधलं चरित्र, म्हणजे दुसरा ते चौथा अध्याय. तेवढंच वाचलं तर चालतं, पहिलं किंवा शेवटचं चरित्र मात्र एकटं वाचू नये, असं परंपरा सांगते. अर्थाच्या वाचनाला आता शेजारच्या सात-आठ जणी येतात. रक्तबीजाच्या वेळी, रक्ताचा थेंब पडला की नवा असुर उभा, हे ऐकून एकजण पटकन बोलली, "हा त कुंदाच झाला!" कुंदा म्हणजे चिवट तण, काळ्या रानात त्याची मुळी तोडली की तिचे चार कुंदे होतात. म्हणून तर चामुंडा थेंब जमिनीवर पडूच देत नाही.

चौथा अध्याय माझा सगळ्यात आवडता. देव स्तुती करताना म्हणतात, तुझ्या मनात कृपा आणि रणात निष्ठुरता, दोन्ही एकत्र फक्त तुझ्यातच दिसतात. शस्त्राने पावन होऊन शत्रूही चांगल्या लोकी जावेत, अशी तुझी त्यांच्याविषयीसुद्धा इच्छा. हे वाचल्यापासून आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, म्हसोबाकडे मी वेगळ्या नजरेने बघते. पेरणीआधी त्याला शेंदूर आणि नारळ असतो. म्हसोबा म्हणजे महिषासुरच, असं इतिहासाचे अभ्यासक दा. ध. कोसंबींनी मांडलं होतं. अकोला जिल्ह्यात सांगोळ्याला तर दसऱ्याला रावणाच्या काळ्या दगडी मूर्तीची पूजा होते. सासूबाईंना मी कोसंबींचं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग तं तिनंच त्याले राखनीवर बसवलं असंल." घरात नवरात्र आणि धुऱ्यावर म्हसोबा, या दोन्हींत मला आता काही ओढाताण वाटत नाही.

सध्या अकरावा अध्याय चालू आहे, शाकंभरी पौर्णिमा जवळ आली म्हणून. शंभर वर्षं पाऊस पडणार नाही तेव्हा मी येईन, शंभर डोळ्यांनी बघेन आणि पाऊस येईपर्यंत माझ्या अंगातून उगवलेल्या भाज्यांनी जगाला पोसेन, असं देवीचं पुढचं वचन आहे. हा अर्थ या पोथीत पूर्ण आणि चांगला उतरला आहे. सासूबाई तो रोज पुन्हा वाचायला लावतात.

माहेरी वहिनीसाठी एक प्रत घ्यायची आहे. या वेळी दुकानातच उघडून तिसऱ्या अध्यायाची शिवण ओढून बघणार, मगच पैसे देणार.