मित्रकीटकांना बोलवायचं तर ल्यूर टांगावा की झाडं लावावीत?

फवारण्या कमी करून मित्रकीटकांच्या, म्हणजे पिकावरच्या किडी संपवणाऱ्या कीटकांच्या, भरवशावर जायचं ठरलं की लगेच हा प्रश्न उभा राहतो. मिथिल सॅलिसिलेट या गंधद्रव्याचे तयार ल्यूर, म्हणजे वास सोडणाऱ्या पुड्या, आणून टांगायचे, की पिकाच्या कडेने चवळी, कोथिंबीर, बडीशेप लावून ते काम झाडांवर सोपवायचं? मी दोन्ही करून पाहिलं आहे. आधी दोन हंगाम ल्यूर, मग चार हंगाम झाडं. पीक दोन्ही वेळा वांगी आणि कोबी. मोजमापाची साधनं माझ्याकडे नव्हती. एक भिंग, एक वही आणि रोज सकाळचा अर्धा तास, एवढ्यावरच हे लिहितो आहे.

अळीने पान कुरतडलं की झाड वेगळा वास सोडतं आणि त्या वासाच्या मागावर अळीचा शत्रू येतो, इतकं तुम्हाला माहीत असेलच. निवड करताना कामाला येते ती त्यापुढची गोष्ट. झाडाच्या त्या हाकेत कोण खातंय तेही सांगितलेलं असतं. लष्करी अळीच्या एका जातीच्या लाळेतून १९९७ साली व्होलिसिटिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. मक्याच्या रोपाला नुसती जखम केली तर रोप एक वास सोडतं. त्याच जखमेवर व्होलिसिटिन लावलं तर अळीने खाल्ल्यावर सोडावा तसा. पुढच्याच वर्षी तंबाखू आणि कापसावर दिसलं की अगदी जवळच्या नात्यातल्या दोन अळ्यांसाठी झाडाचा गंध वेगवेगळा असतो, आणि परजीवी गांधीलमाशी (अळीच्या अंगात अंडी घालणारी) त्यातून नेमकी आपल्या कामाची अळी शोधून काढते. रस शोषणाऱ्या किडींसाठी झाडाच्या आतली इशाऱ्यांची साखळीही बहुतेक वेळा वेगळी चालते: अळीने खाल्लं तर जास्मोनिक आम्लाची, मावा लागला तर सॅलिसिलिक आम्लाची.

ल्यूरमध्ये या सगळ्यातला एकच शब्द असतो. मिथिल सॅलिसिलेट म्हणजे गुडघ्याला चोळायच्या मलमाचा तो ओळखीचा वास. तो काम करतो, याबद्दल मला शंका नाही. अमेरिकेत हॉप्स आणि द्राक्षांच्या मळ्यांत झालेल्या चाचण्यांत त्यावर क्रायसोपा (जाळीदार पंखांचा, ज्याच्या अळ्या मावा खातात तो कीटक) आणि सिरफिड माश्या (यांच्याही अळ्या मावा खातात) आल्या होत्या. युटामध्ये रानटी तंबाखूच्या झाडांवर असे गंध वेगवेगळे लावून पाहिले तेव्हा परभक्षी ढेकणांनी अळीची अंडी जास्त खाल्ली. तो अभ्यास २००१ चा. माझ्याकडेही पुडी टांगल्यापासून आठवड्याच्या आत क्रायसोपा आणि ढालकिडे (लेडीबर्ड) दिसायला लागले. झाडं लावून इतक्या लवकर काहीच दिसत नाही, हे मोकळेपणाने सांगतो.

माझं मत फिरलं ते दुसऱ्या हंगामात. पुडी वांग्याच्या मधल्या ओळीत होती. तिच्या भोवतालच्या चार-पाच पानांखाली क्रायसोपाने अंडी घातली होती. केसासारख्या बारीक देठावर एकेक हिरवट दाणा. एका पानाखाली मी तेवीस मोजली. फार आनंद झाला. पण त्या ओळीत मावा जवळजवळ नव्हताच. अंडी फुटली, अळ्या बाहेर आल्या, आणि खायला काही नाही म्हणून शेजारची न फुटलेली अंडी खायला लागल्या. भिंगातून ते पाहताना वाईट वाटलं. अठरा-वीस दिवसांनी मावा आला तो पार दुसऱ्या टोकाला, आणि तोवर माझे पाहुणे निघून गेले होते. पुडी मात्र तिथे लटकून तसाच वास सोडत होती.

ल्यूरची मला न सोसणारी गोष्ट हीच. तो थांबत नाही. कीड असो नसो, दिवस असो रात्र असो, एकाच जागेवरून एकच बोलावणं. 'लांडगा आला रे आला' म्हणून रोज ओरडणाऱ्या पोराकडे शेवटी कोणी धावून येत नाही, तसं काहीसं मित्रकीटकांचंही होत असावं, असं मला वाटतं. झाडाचं तसं नसतं. चावलं की बोलतं, जिथे चावलं तिथून बोलतं, चावणं थांबलं की हळूहळू गप्प होतं. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गव्हाच्या झाडातच माव्याचा इशारागंध तयार होईल अशी जनुकीय सोय केली होती. प्रयोगशाळेत मावा दूर पळाला, परजीवी माश्या आल्या. शेतात मात्र ना मावा घटला, ना परजीवी वाढले. २०१५ साली निकाल मांडताना संशोधकांनी एक संभाव्य कारण हेच दिलं की मावा हा गंध धोका आला तेवढ्यापुरता सोडतो आणि हा गहू तो सतत सोडत होता. ते वाचल्यावर माझ्या पुडीचं कोडं मला बरंचसं सुटल्यासारखं वाटलं.

कडेच्या झाडांचं काम थोडं वेगळं आहे. हाक पिकानेच मारायची. कडेची झाडं आलेल्यांना धरून ठेवतात. परजीवी माशीला मध मिळाला तर ती जास्त दिवस जगते, आणि सिरफिड माशीला अंडी तयार करायला पराग लागतात. चवळीला फुलाबाहेरही मधुग्रंथी असतात. सकाळी फुलाच्या दांड्यावर बारीक चकचकीत थेंब दिसतात आणि त्यावर डासाहूनही लहान गांधीलमाश्या. चवळीवर काळा मावा येतो, पण तो बहुतेक शेंगवर्गीय पिकांवरच राहतो. वांग्याकडे वळताना मी तरी पाहिला नाही, आणि ढालकिड्यांची पहिली पिढी त्याच्यावरच पोसली गेली. झाडांच्या तिसऱ्या हंगामात वांग्यावर मावा आला तेव्हा बाराव्या दिवशी पानं उलटून पाहिली. निम्म्याहून जास्त मावा फुगून कागदी, तपकिरी झाला होता आणि बऱ्याच जणांच्या पाठीवर गोल भोक होतं. आतली माशी बाहेर पडून गेलेली. त्या पानांजवळ कुठलीही पुडी नव्हती.

झाडांचा त्रास नाही असं नाही. पाणी लागतं, जागा जाते, पहिल्या हंगामात तर हाती फारसं काही लागलं नाही. चवळीवर मुंग्या चढल्या तर त्या माव्याची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. तेवढ्या वेली काढाव्या लागतात. शिवाय सगळ्या वाणांची हाक सारखी नसते. मक्याची मुळं कॅरिओफायलिन नावाचं गंधद्रव्य सोडून जमिनीतल्या कीडभक्षक सूत्रकृमींना (सूक्ष्म जंतांना) बोलवतात, पण उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक वाणांत ती क्षमता उरलेली नाही, हे २००५ साली समोर आलं. बियाण्याच्या पाकिटावर हे कोणी लिहीत नाही, त्यामुळे वाण बदलून पाहण्यावाचून गत्यंतर नसतं.

जास्मोनिक आम्ल फवारून पिकालाच बोलकं करायचा तिसरा मार्गही आहे. १९९९ साली टोमॅटोवर त्याने अळ्यांमधलं परजीवीकरण दुप्पट झाल्याची नोंद आहे. मी तो वापरलेला नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. आणि सगळ्या किडी मारणारं औषध फवारणं चालूच राहणार असेल, तर ल्यूरही नको आणि झाडंही नकोत. बोलावून मारणं होतं ते.

मोठी फळबाग असेल, ओळींमध्ये काही लावायला जागाच नसेल, किंवा कीड आधीच पसरलेली असेल आणि दीड महिना थांबणं शक्य नसेल, तर ल्यूर घ्या. तिथे तो कदाचित माझ्यापेक्षा चांगला चालेल. पण तो कीड दिसल्यावर आणि किडीजवळच टांगा, आधी नको. ल्यूरसोबत बकव्हीटची (कुट्टूची) फुलं लावायची जोडी ऑस्ट्रेलियात द्राक्ष, ब्रोकोली आणि मक्यात तपासली गेली आहे. दोन्ही करायची तयारी असेल तर तीही वाट आहे.

लहान तुकडा असेल आणि एक हंगाम थांबता येत असेल, तर मी झाडांकडेच बोट दाखवेन. चवळी पिकाच्या तीन आठवडे आधी टाका. कोथिंबीर एकदम पेरू नका, तिचा फुलोरा लवकर सरतो. वीस-वीस दिवसांनी तीन वेळा पेरा आणि पहिल्या खेपेची खुडू नका, फुलावर येऊ द्या.