हवाईचं पवित्र खोरं बघायचंय: वायपिओ, ईआओ, हालावा की वायमेआ?

वायपिओ, ईआओ, हालावा आणि वायमेआ ही चार खोरी चार वेगवेगळ्या बेटांवर आहेत. त्यामुळे खोरं निवडताना खरं तर बेट निवडावं लागतं. एकाच सहलीत चारही उरकू म्हणणाऱ्याने मुख्यतः विमानतळांचंच दर्शन घ्यायची तयारी ठेवावी. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी हवाई हा देशांतर्गत प्रवास आहे आणि भारतातून आलेल्या आईबाबांनाही त्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. म्हणून पुष्कळ मराठी घरांत ही सहल आईबाबा आलेले असतानाच ठरते. खाली त्यांच्या गुडघ्यांचाही विचार केला आहे.

माझं मत आधीच सांगतो. सगळ्यांत सुंदर खोरं कुठलं, यावर वाद घालत बसू नका. पाहुण्यांना कुठे बोलावलंय आणि किती आतपर्यंत, ते बघा. या चार ठिकाणी त्याची चार वेगळी उत्तरं मिळतात.

वायपिओ: फोटो सगळ्यांत जास्त, मुभा सगळ्यांत कमी

हवाई बेटावर, म्हणजे ज्याला सगळे बिग आयलंड म्हणतात तिथे, होनोका गावाच्या पुढे 240 क्रमांकाचा रस्ता संपतो. तिथेच वायपिओचा लुकआउट, म्हणजे वरून खोरं बघायची जागा आहे. खाली काळ्या वाळूचा किनारा, त्याच्या पलीकडे समुद्रात उतरणारे उभे कडे. आत हिइलावे हा सुमारे 440 मीटरचा धबधबा आहे. लिलोआ आणि त्याचा मुलगा उमी या राजांचं हे ठाणं. 1780 च्या सुमारास तरुण कामेहामेहाच्या हाती युद्धदेवता कूचा ताबा दिला गेला तोही इथेच. पुढे त्याच कामेहामेहाने सगळी बेटं एका सत्तेखाली आणली.

पण वायपिओ म्हणजे नुसता इतिहास नव्हे, तिथे माणसं शेती करतात. 1 एप्रिल 1946 च्या त्सुनामीनंतर बहुतेक कुटुंबं खोरं सोडून गेली, तरी कालोची शेती टिकून राहिली. कालो म्हणजे आपलं अळूच; वनस्पतिशास्त्रात दोन्हींचं नाव कोलोकेशिया एस्कुलेंटा. आपण पानांची वडी आणि फदफदं करतो, हवाईत मुख्य मान कंदाचा. तो शिजवून, कुटून पोई करतात. हवाईच्या वंशकथेनुसार वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं. त्याला पुरलं तिथून पहिलं कालो उगवलं. दुसरं मूल हालोआ, म्हणजे माणसांचा पूर्वज. या हिशेबाने शेतातलं कालो हा घरातला थोरला भाऊ झाला. एवढं माहीत असलं की खाचरांच्या बांधावर चढून फोटो काढणाऱ्या पाहुण्याचा तिथल्या शेतकऱ्याला राग का येतो, ते वेगळं समजावावं लागत नाही.

खाली उतरणारा रस्ता किलोमीटरभरात सुमारे अडीचशे मीटर खाली जातो. सरासरी चढ 25 टक्के, काही ठिकाणी त्याहून बराच जास्त. दरड कोसळण्याचा आणि रस्ता खचण्याचा धोका लक्षात घेऊन काउंटीने फेब्रुवारी 2022 मध्ये तो बंद केला. त्याच वर्षी सप्टेंबरात तो काउंटीचे रहिवासी, खालचे जमीनमालक व शेतकरी आणि परवानाधारक टूरवाले यांच्यासाठी खुला झाला. इतर पाहुण्यांना गाडीनेही मनाई, पायीही मनाई. बेटावर यावरून दोन तट पडले होते. सर्फिंग करणाऱ्या स्थानिकांना समुद्रापर्यंतची वाट हवी होती, तर खालच्या बऱ्याच शेतकऱ्यांना वर्दळ कमी झाली हेच बरं वाटत होतं. पाहुण्याने या वादात पडायचं कारण नाही, पण तो आहे हे माहीत असावं.

गंमत अशी की 2022 च्या आधीची प्रवासवर्णनं इंटरनेटवर अजून जशीच्या तशी आहेत. ‘सरळ चालत उतरा, किनारा रिकामा असतो’ असं त्यांत बिनधास्त लिहिलेलं असतं. भाड्याची फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेतली म्हणूनही हक्क मिळत नाही. वायपिओतून पुढे वायमानूला जाणाऱ्या पायवाटेचाही बेत त्यामुळे सोडून द्यावा लागतो. उरतात दोनच पर्याय: वर लुकआउटवर थांबणं, किंवा परवानाधारक टूरबरोबर गाडीतून वा घोड्यावरून उतरणं. नियम बदलत असतात, म्हणून तिकिटं काढण्याआधी काउंटीचं संकेतस्थळ बघावं.

बिग आयलंडला जाणारच असाल तर लुकआउट चुकवू नका आणि तेवढंच मिळालं म्हणून हळहळूही नका. खोऱ्याचा आकार, नदी, शेतं, कडे हे सगळं वरूनच नीट कळतं. खाली गेल्यावर झाडीत यातलं बरंचसं दिसेनासं होतं.

ईआओ: सोपं, आणि म्हणूनच फसवं

माउईवर काहुलुई विमानतळापासून वायलुकूमार्गे ईआओला जायला फार वेळ लागत नाही. हे राज्य सरकारचं उद्यान आहे. हवाईबाहेरच्या पाहुण्यांना आधी ऑनलाइन आरक्षण करावं लागतं. माणशी 5 डॉलर आणि गाडीचे 10. फरसबंद वाट आहे, वरच्या कठड्यापर्यंत 133 पायऱ्या. समोर कूकाएमोकू हा हिरवा सुळका खोऱ्याच्या तळापासून सुमारे 370 मीटर उठलेला दिसतो. सकाळी लवकरची वेळ घ्यावी. दिवस चढला की ढग सुळक्याला गिळून टाकतात. मागचा पूऊ कुकुई हा डोंगर जगातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक आहे, तेव्हा ओढ्याला अचानक लोंढा येऊ शकतो हे ध्यानात ठेवायचं.

पण या सोयींमुळेच माणूस विसरतो की आपण कुठे उभे आहोत. 1790 मध्ये कामेहामेहाने तोफा आणून याच खोऱ्यात माउईच्या सैन्याचा पराभव केला. प्रेतांनी ओढ्याचं पाणी अडलं, अशी त्या लढाईची आठवण सांगितली जाते. त्याच्याही आधीपासून इथे राजघराण्यातल्या माणसांच्या अस्थी गुप्त जागी ठेवल्या जात. त्या जागा कुणाला कळू नयेत, हाच त्यामागचा हेतू. त्यामुळे कठडा ओलांडून ‘जरा आत’ जाणं हा इथे नुसता नियमभंग राहत नाही. चारांतलं सगळ्यांत गंभीर ठिकाण मला हेच वाटतं, आणि सेल्फी काढून अर्ध्या तासात परत फिरणाऱ्यांची गर्दीही इथेच.

वायमेआ: तिकिटाचे पैसे योग्य हातात

ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावरचं वायमेआ होनोलुलूला उतरणाऱ्या कुटुंबांसाठी सर्वांत जवळचं. (बिग आयलंडवरही वायमेआ नावाचं गाव आहे आणि कवाईवरही, तेव्हा नकाशात बेट तपासून घ्या.) हे खोरं पिढ्यान्‌पिढ्या काहुना नुई म्हणजे मुख्य पुरोहितांच्या घराण्यांकडे होतं. नंतर ते करमणुकीचं उद्यान झालं, मग तुकडे पाडून विकण्याच्या वाटेवर होतं. लोकांनी विरोध केला आणि 2006 मध्ये सुमारे 1.4 कोटी डॉलरला ते विकत घेऊन वाचवलं गेलं. आता हवाईयन व्यवहार कार्यालयाने (ऑफिस ऑफ हवाईयन अफेअर्स, म्हणजे मूळ हवाईयन लोकांसाठीचं सरकारी कार्यालय) स्थापन केलेली ना-नफा संस्था ते चालवते.

काही प्रवासी नाक मुरडतात: तिकीट महाग, वाट सिमेंटची, बागेसारखं वाटतं. तक्रार खोटी नाही. प्रौढांना पंचवीस डॉलरच्या आसपास पडतात, आणि शेवटचा धबधबा जेमतेम 14 मीटरचा. तिथे पोहायला सोडतात ते लाइफ जॅकेट घालून, जीवरक्षकांच्या देखरेखीखाली. पण तुमचे पैसे थेट हवाईयन संस्थेकडे जातात आणि त्यातून खोऱ्याची देखभाल होते, ही गोष्ट बाकी तीनांत इतकी सरळ नाही. धबधब्यापर्यंतची वाट साधारण सव्वा किलोमीटर आणि सौम्य आहे. ज्यांना तेवढंही चालवत नाही त्यांच्यासाठी पैसे भरून छोट्या गाडीची सोय असते. आईबाबा बरोबर असतील तर माझं मत वायमेआला.

हालावा: इथे पाहुणा म्हणूनच जाता येतं

मोलोकाईची लोकसंख्या सात हजारांच्या आसपास, बेटावर एकही ट्रॅफिक सिग्नल नाही. माउईहून येणारी प्रवासी फेरी 2016 मध्ये बंद पडली, त्यामुळे मुख्यतः छोट्या विमानाने यावं लागतं. वजनाचा हिशेब लावायला प्रवाशांचंही वजन विचारतात, लाजू नका. काउनाकाकाईपासून पूर्व टोकाचं हालावा सुमारे 45 किलोमीटर, पण शेवटचा रस्ता अरुंद आणि वळणांचा, म्हणून दीड तास धरून चालावा.

हवाईतल्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी ही एक. आतली जमीन खासगी आहे. सुमारे 75 मीटरच्या मोआउला धबधब्यापर्यंत जायचं तर तिथल्याच कुटुंबांतल्या वाटाड्याबरोबर, आधी ठरवून. सुरुवातीला शंख फुंकून आत यायची परवानगी मागितली जाते. पाहुण्यांनी होओकुपु म्हणजे यजमानांसाठी भेट आणायची असते. काय आणायचं ते ठरवतानाच विचारून घ्यावं. वाटेत ओढे ओलांडावे लागतात, चिखल असतो, सगळं मिळून अर्धा दिवस जातो. धबधब्याच्या डोहात मोओ, म्हणजे सरड्याच्या रूपातली जलदेवता, राहते असं मानतात. पाण्यावर टीचं (चहाचं नव्हे, टी नावाच्या झाडाचं) पान सोडून बघायचं. तरंगलं तर पोहायला हरकत नाही, बुडलं तर त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही.

पाय साथ देत असतील आणि बेटावर दोन-तीन दिवस राहायची तयारी असेल, तर चारांत मी हालावाच निवडेन. इतर ठिकाणी फलक नियम सांगतात, इथे घरचा माणूस सांगतो. मात्र मोलोकाईला पर्यटकांची गर्दी नकोच आहे, आणि तिथले लोक ते लपवतही नाहीत. रिसॉर्ट, खरेदी, रात्रीची रेस्टॉरंटं हवी असतील तर या बेटाच्या वाटेला जाऊ नका.

आपल्या काही सवयी

देवस्थान दिसलं की आपला हात आपोआप फुलाकडे, नारळाकडे जातो. हवाईतल्या हेइआऊवर, म्हणजे रचीव दगडांच्या प्राचीन देवस्थानांवर, तो हात आवरायचा. आपणहून काही वाहायचं नाही, पानात दगड गुंडाळून ठेवायचा नाही, दगडांची उतरंड रचायची नाही. आधीच्या पर्यटकाने ठेवलंय म्हणून आपणही ठेवू, असं तर मुळीच नाही. चप्पल काढली म्हणून भिंतीच्या आत जायची मुभा मिळते असंही नाही; बाहेरूनच बघायचं. भेट द्यायची ती हालावासारखी, माणसाला आणि त्याने मागितली तर. दगड, वाळू, कवड्या घरी आणायच्या नाहीत. ड्रोन तर घरीच ठेवा.

ओढ्याच्या पाण्यात लेप्टोचा धोका असतो. मुंबईच्या पुराचं पाणी पाहिलेल्यांना तो वेगळा सांगायला नको. अंगावर जखम असेल तर उतरू नये आणि ते पाणी पिऊही नये.

‘बंद आहे पण जाता येतं’ असं इंटरनेटवर ज्या जागांबद्दल लिहितात, त्यांत ओआहूवरचं कालिउवाआ आहे. मे 1999 मध्ये तिथे दरड कोसळून 8 जण गेले. तेव्हापासून ते बंद आहे. यादीत दिसलं तर खोडून टाका.

तर मग कुठे?

आईबाबा, लहान मुलं आणि होनोलुलूचं तिकीट: वायमेआ, पण तिथे सुट्टीचा दिवस कोणता ते आधी बघून. माउईला जात असाल तर ईआओ, सकाळी लवकरच्या आरक्षणासह. पायऱ्या जमत नसतील तर खालच्या ओढ्याकाठची वाटही सुंदर आहे. बिग आयलंडला ज्वालामुखी बघायला जाणाऱ्यांनी वायपिओसाठी हिलोहून अर्धा दिवस राखावा, सकाळी लुकआउट गाठावा आणि येताना होनोकात थांबावं. आणि हालावाचा बेत असेल तर आधी वाटाड्याशी तारीख ठरवा, विमानाचं तिकीट त्यानंतर काढा. त्यांना तो दिवस सोयीचा नसेल तर तारीख तुम्ही बदलायची.