जुनी केरिस घेताय? आधी मूठ काढून बघा

इंडोनेशियात, जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या एका दुकानदाराने मला 1 कोटी 85 लाख रुपियांना फसवलं. आपल्याकडचे जवळपास एक लाख रुपये. 50 लाख आगाऊ घेतले, उरलेले 1 कोटी 35 लाख रोख. नोकरीनिमित्त इंडोनेशियात असाल आणि जुनी केरिस, म्हणजे तिथला पारंपरिक खंजीर, घ्यायचं मनात असेल, तर हे वाचा.

पातं खरंच जुनं आहे, लोखंड-निकेलच्या थरांची पामोर नक्षीही सुरेख. मूठ मात्र हल्लीची. आणि हा माणूस शपथेवर सांगत होता की पातं, मूठ, म्यान एकाच घराण्यातलं, एकोणिसाव्या शतकापासून एकत्र!

मूठ काढून दाखवा म्हटलं, तर त्याने हात जोडले. "नको पाक (साहेब), आतली शक्ती दुखावते." तिथेच उठायला हवं होतं. सुरो या जावी पंचांगातल्या महिन्यात जावात केरिस लिंबाने धुतात, तेव्हा मूठ काढूनच धुतात. जावातली मूठ डकवलेली नसते. पात्याच्या शेवटी जो दांडा असतो, पेसी, त्याला चिंधी किंवा दोरा गुंडाळून ती दाबून बसवतात. माझी तसूभर हलत नव्हती. पण परक्या देशात समोरचा श्रद्धेचं नाव घेत असताना हट्ट कोण धरेल? कुणीही गप्पच बसला असता.

नंतर एका जाणकाराने पातं गरम करून मूठ सोडवली. आत गोंद. पेसी गंजाने खाल्लेली, मुठीच्या भोकात मात्र गंजाचा डाग नाही. ड्रिलचं गोल, पांढरंफटक लाकूड. मेंडाक, म्हणजे मुठीखालचं कडं, त्याच्या आड जिथे हात पोचतच नाही तिथेही तोच काळा रंग. जुन्या मुठीला तळवा घासतो तिथे चकाकी येते, खाचा मळतात. हिला सगळीकडे एकसारखं पॉलिश. त्याने किंमत सांगितली: पात्याचे 60 लाख, मुठीचे फार तर 3.

पोलीस म्हणाले, मूठ बदलणं ही तर परंपराच. अहो, परंपरा मलाही ठाऊक आहे! बदलली म्हणून तक्रार नाही, मूळची सांगून विकली म्हणून आहे. ग्राहक कार्यालयाने पावती मागितली. तीवर नुसतं "जुनी केरिस, 1 नग". पातं जुनं आहे, मग पावती खोटी कशी, हा त्यांचा सवाल. वारसा खात्यात गेलो, तर 2010 चा कायदा पुढे केला: 50 वर्षांखालची वस्तू आमच्याकडे येत नाही, आणि मूठ तर तुम्हीच नवी म्हणताय. म्हणजे ती नवी आहे हीच माझी तक्रार, आणि नवी आहे म्हणूनच ती कुणी घेणार नाही! 2005 साली युनेस्कोने केरिसचा गौरव केला, त्याच्या तसबिरी भिंतीवर आहेत. खोटी जोडणी विकणाऱ्याला विचारायला एकही माणूस नाही.

रोख देऊ नका. टॉर्च न्या, भोकात बघा. पावतीवर "मूठ मूळची" असं सहीनिशी लिहून घ्या. तो लिहायला कचरला, तर पैसे न काढता दुकानाबाहेर पडा.