दूतावासात नोकरी करायचीय: आयएफएस की सीजीएलमधून एएसओ?

रत्नागिरी, राजापूर, चिपळूणकडच्या बऱ्याच घरांत 'एम्बसी' हा शब्द पोरांच्या कानावर लहानपणापासून असतो, कारण काका कुवेतला, मामा मस्कतला, शेजारचा कुणी बोटीवर. पण त्या एम्बसीत सरकारी नोकर म्हणून जायचे दोन सरळ रस्ते आहेत, हे फार थोड्यांना माहीत असतं. पहिला रस्ता यूपीएससीतून भारतीय परराष्ट्र सेवेचा, म्हणजे आयएफएस. दुसरा स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर, म्हणजे एएसओ. परदेशात दोघांनाही परदेश भत्ता मिळतो, सरकारतर्फे घर मिळतं. फरक आहे तो दिवसभर काय करायचं यात, आणि निवडही त्यावरूनच करावी असं मला वाटतं.

परीक्षेचं आधी उरकतो. यूपीएससीला खुल्या गटात वयोमर्यादा 32 आणि संधी 6, ओबीसींना 35 आणि 9. आयएफएसच्या जागा दरवर्षी काही डझनच असतात, त्यामुळे यादीत बरंच वर यावं लागतं. सीजीएलमधल्या एएसओसाठी साधारण 20 ते 30 वय, शिवाय राखीव गटांना सवलत. मुलाखत नाही, किती वेळा बसायचं यावर बंधन नाही. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन आयएफएसला 56,100, एएसओला 44,900. मराठी माध्यमाच्या मुलांनी एक गोष्ट नीट बघावी: यूपीएससीची मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीतून देता येते, सीजीएलचा पेपर मात्र इंग्रजी-हिंदीतच असतो आणि इंग्रजीला भरपूर गुण आहेत. सीजीएल सोपी म्हणून तिकडे वळणारे इथेच अडतात.

आता काम. आयएफएसवाला मसुरी आणि दिल्लीतलं प्रशिक्षण संपवून थर्ड सेक्रेटरी (दूतावासातलं सुरुवातीचं राजनैतिक पद) म्हणून बाहेर जातो आणि त्याला एक परकी भाषा शिकावीच लागते. ती परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी पक्की होत नाही. सकाळी तिथली वर्तमानपत्रं वाचायची, दुपारी त्या देशाच्या परराष्ट्र खात्यात कुणाला तरी भेटायचं, संध्याकाळी कुठल्या तरी देशाच्या राष्ट्रीय दिनाला हजेरी लावायची, आणि कोण काय बोललं, काय बोलायचं टाळलं, हे रात्री दिल्लीला लिहून पाठवायचं. लिहिण्याचा आणि माणसं ओळखण्याचा कंटाळा असेल तर हे काम अंगावर येतं.

याची फळं आपल्या बागांपर्यंत पोचतात. 2014 मध्ये युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्यावर बंदी घातली, तेव्हा देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांना फटका बसला. 2015 च्या सुरुवातीला ती उठली. अमेरिकेचं दारही 2007 मध्येच उघडलं होतं. अशा वाटाघाटीत कृषी आणि वाणिज्य खातं असतंच, पण समोरच्या देशात रोजचा पाठपुरावा दूतावासच करतो. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा 1916 मध्ये रत्नागिरीतच वारला. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्याच्या समाधीवर आले होते. अशा एका भेटीमागेही दोन्हीकडच्या कितीतरी अधिकाऱ्यांची मेहनत असते.

एएसओचं काम आतलं असतं: हिशेब, कर्मचाऱ्यांच्या फायली, पासपोर्ट, व्हिसा, कागद साक्षांकन. हे वाचून 'कारकुनी' म्हणून नाक मुरडू नका. आखाती देशातल्या दूतावासात समाजकल्याण विभागात नेमणूक झाली, तर काय हाती येतं ते बघा. राजापूर तालुक्यातला एक कामगार साइटवर मरण पावला असं धरू. इस्पितळाचा दाखला, पोलिसांचा कागद, मालकाकडून थकलेल्या पगाराचा हिशेब, घरच्यांचं संमतिपत्र, मग दूतावासाने मृत्यूची नोंद करायची, पासपोर्ट रद्द करायचा, ना-हरकत पत्र द्यायचं, आणि त्यानंतर विमानात जागा. यातला एक कागद अडला की गावात माणसं दिवसच्या दिवस वाट बघत बसतात. मालक हात वर करतो तेव्हा 2009 पासून असलेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून खर्च करता येतो, पण तो प्रस्ताव कुणीतरी लगेच तयार करावा लागतो. फोनवर रडणाऱ्या बाईशी तिच्या भाषेत दोन वाक्यं बोलणारं माणूस त्या टेबलाशी असणं, याचं मोल मी फार मोठं मानतो.

आयएफएसवाल्यालाही हे काम करावं लागतं, विशेषतः सुरुवातीला आणि छोट्या दूतावासात. तुरुंगातल्या खलाशाला भेटायला तोच जातो. पण बढती मिळत जाते तसा तो या टेबलापासून लांब जातो. एएसओ त्या टेबलाजवळच राहतो, निर्णयाची सही मात्र वरच्याची असते. बढतीने सेक्शन ऑफिसर झाला की परदेशात अताशे (दूतावासातलं कनिष्ठ अधिकारीपद), आणि बऱ्याच वर्षांनी काही जण आयएफएसच्या श्रेणीतही जातात.

घरचा विचार दोघांनाही सारखाच लागू. दर तीन वर्षांनी देश बदलतो, खडतर ठिकाणी त्याहून लवकर. जोडीदाराला तिथे नोकरी करता येईलच असं नाही, ते दोन देशांतल्या करारावर ठरतं. लग्न ठरवताना हे आधी सांगायलाच हवं. गणपतीला दरवर्षी घरी येणं विसरा. आईवडील गावात एकटे असतील तर भावंडांशी आत्ताच स्पष्ट बोला.

माझं मत विचाराल तर: देशाच्या वतीने बोलायची, लिहायची, परकी भाषेत जगायची ओढ असेल आणि तीन-चार वर्षं घर चालायची सोय असेल, तर आयएफएसच. आपल्या आखातातल्या माणसांच्या उपयोगी पडायचं असेल, किंवा घरी लवकर पगार लागणार असेल, तर एएसओ. त्याला दुय्यम समजू नका. आणि एएसओ होऊनही वय आणि संधी शिल्लक असेपर्यंत यूपीएससी देता येते.

सीजीएलचा पसंतीक्रम भरताना मात्र जपून. परराष्ट्र मंत्रालयाचा एएसओ यादीत वेगळा दिलेला असतो. केंद्रीय सचिवालय सेवेचा एएसओ ही निराळी जागा आहे; ती मिळाली तर बहुतेक सगळी नोकरी दिल्लीतच होते.