जुनं मॉड्यूल: मूळ जगात चालवायचं की आपल्या?

जुनं मॉड्यूल मूळ जगात चालवायचं की आपल्या, हे मुखपृष्ठावर सेटिंगचं (कथा जिथे घडते त्या काल्पनिक जगाचं) नाव आहे की नाही, यावरून ठरवू नका. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाची कितीतरी गाजलेली मॉड्यूल्स, म्हणजे छापील तयार साहसं, 1978-79 मध्येच बाजारात आली होती. ग्रेहॉक या खेळातल्या जगाची पुस्तिका छापून आली ती 1980 मध्ये. 'रेव्हनलॉफ्ट' 1983 चं, पण त्या नावाची स्वतंत्र सेटिंग 1990 ची. 'डेझर्ट ऑफ डेसोलेशन'ची तीन मॉड्यूल्स 1987 मध्ये एकत्र छापताना फरगॉटन रेल्म्स या दुसऱ्या जगात नेऊन बसवली. म्हणजे जगाचं लेबल पुष्कळदा मागाहून चिकटलेलं असतं.

त्यापेक्षा पेन्सिल घेऊन सगळी विशेषनामं अधोरेखित करा आणि एकेक खोडून पाहा. कथा तरीही चालत असेल, तर मॉड्यूल खुशाल आपल्या जगात उचलून आणा.

'टूम ऑफ हॉरर्स'चं थडगं ग्रेहॉकमध्ये कुठे असू शकेल, याच्या सहा जागा खुद्द मॉड्यूलच देतं. पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) आत शिरली की बाहेर कोणाचं राज्य आहे याने काही अडत नाही. 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' तर त्याहून मोकळं: गढीतली माणसं हुद्द्यांनीच ओळखली जातात, नावं तुम्ही द्यायची. फक्त ती खेळाआधी लिहून ठेवा, नाहीतर किल्लेदाराचं नाव दर सत्रात बदलतं.

'व्हिलेज ऑफ हॉमलेट' मात्र फसवं आहे. देवळाचे अवशेष आणि पडकी गढी कुठेही बसतात, पण गावाची वीण सहज बसत नाही. सेंट कथबर्टचं कडक चर्च, जुन्या पंथाचा ड्रुइड (निसर्गपूजक पुजारी), गावातले हेर आणि नवा किल्ला बांधणारे दोघे, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. कथबर्टच्या जागी एखादी मवाळ देवता आणली, तर चर्च आणि ड्रुइड यांच्यातला ताण जातो आणि उरतं नुसतं खोल्याखोल्यांचं वर्णन. म्हणून देवता बदलताना नाव नंतर बघा, आधी स्वभाव जुळवा. किल्ल्याला पैसा पुरवणारा सरदारही तुमच्या जगात हवा.

'अगेन्स्ट द जायंट्स'ची तीनच मॉड्यूल्स खेळायची असतील, तर डोंगर आणि लुटला जाणारा मुलूख एवढं पुरतं. पुढे ड्राउंच्या (भूगर्भात राहणाऱ्या काळ्या एल्फ्सच्या) मागावर जायचं असेल, तर भूगर्भातलं जग आणि त्यांची देवी लॉल्थ तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून असायला हवेत. मागाहून घुसडलेलं खेळाडूंच्या लगेच लक्षात येतं.

ड्रॅगनलान्सच्या मूळ मालिकेला हात लावू नका. तिच्या क्रिन या जगात खरे क्लेरिक (देवाच्या शक्तीने जखमा बऱ्या करणारे पुजारी) उरलेलेच नाहीत आणि 1984 च्या पहिल्या मॉड्यूलमध्ये देवांची ओळख परत मिळणं हाच कळस आहे. तुमच्या पार्टीतला क्लेरिक आधीच रोज जखमा बऱ्या करत असेल, तर त्या शोधाला अर्थ राहत नाही. ही मालिका क्रिनवरच, नाहीतर नकोच.

हलवलेलं मॉड्यूल बहुतेकदा बिघडतं ते शेजारामुळे. गजबजलेल्या रेल्म्समध्ये जवळच मोठं शहर ठेवलं, की मेलेलं पात्र तिथे नेऊन जिवंत केलं जातं आणि 'इथला महाजादूगार हे काम का करत नाही?' हा प्रश्न हमखास येतो. शहर निदान चार-पाच दिवसांच्या वाटेवर ठेवा. आणि नकाशाचं माप तपासा: ग्रेहॉकच्या मोठ्या नकाशात एक षटकोन 30 मैलांचा आहे, 'आयल ऑफ ड्रेड' मॉड्यूलमधल्या मिस्टारा या जगाच्या नकाशात 24 मैलांचा. षटकोन मोजून अंतर उतरवलं, तर पाच षटकोनांमागे 30 मैलांचा फरक पडतो.